बाटली आपली, पेला त्यांचा

बँकेतल्या माझ्या नोकरीची सहा वर्षे गोव्यात गेली. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली, पण त्या सहा वर्षांच्या पुण्याईवर नात्यागोत्यात मला एका विषयातला जाणकार समजण्यात येते. सुट्टीला गेलेला भाचा, सहल आटोपून परतणारे शेजारी, शाळासोबत्यांचे संमेलन उरकून निघालेले साठीतले गृहस्थ, सगळ्यांचा फोन ठरलेला. "काका, फेणी विमानातून आणता येते का हो?" आणि मग, बायको जवळपास नाही याची खात्री करून, आवाज जरा खाली आणून दुसरा प्रश्न, "आणि वाटेत थोडी घेतली तर?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना ठाऊक नसते. दुसऱ्याचे ठाऊक असते, पण पटत नाही. बाटली आपली, पैसे आपले, तोंड आपले. मग मध्ये विमान कंपनी कोण लागून गेली? प्रश्न वरवर पाहता बिनतोड आहे. म्हणूनच तो जरा सविस्तर सोडवावा असे वाटते.

न्यायची किती?

आधी सोपा भाग. विमानाच्या नियमांना दारूचे नाव, गाव किंवा किंमत यांच्याशी कर्तव्य नसते. ती पेट घेईल का, एवढाच त्यांचा सवाल. त्यामुळे सगळा हिशेब मद्यार्काच्या टक्केवारीवर चालतो. २४ टक्के किंवा त्याहून कमी मद्यार्क असेल, म्हणजे बीअर, वाइन वगैरे, तर धोकादायक मालाच्या नियमांची मर्यादा नाही. २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान माणशी पाच लिटर, आणि तेही दुकानातून विकत मिळते तशा मूळ बंद बाटल्यांत. ७० टक्क्यांच्या वर असेल तर विमानात चढवायचीच नाही. देशांतर्गत प्रवासात ही बाटली मोठ्या बॅगेत घालून वजनाच्या काट्यावर सोपवायची असते. हातातल्या सामानातून ती नेता येत नाही.

फेणी साधारण ४२ ते ४५ टक्क्यांची, म्हणजे मधल्या गटातली. गोम आहे ती बाटलीत. गोव्यातल्या खऱ्या शौकिनाला दुकानातली लेबल लावलेली फेणी चालत नाही. त्याला कुठल्याशा गावच्या भट्टीवरची, ओळखीतून मिळालेली हवी असते, आणि ती मिळते पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत! नियमाच्या दृष्टीने ती बाटली बाद. हुर्राकचे दुखणे आणखी वेगळे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, आणि तो पुन्हा गाळला की फेणी. हुर्राकचा मद्यार्क पंधरा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे कागदावर त्याला वाट मोकळी. पण तपासणीच्या यंत्रापाशी बसलेल्या जवानाने बिनलेबलाच्या बाटलीतले पंधरा टक्के आणि पंचेचाळीस टक्के वेगळे कसे ओळखावेत?

शिवाय विमानाचा नियम पाळला म्हणजे राज्याचा कायदा पाळला असे होत नाही. गोव्याची दारू राज्याबाहेर न्यायला अबकारी खात्याचा परवाना लागतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याची चौकट आजही उभी आहे. दारू जवळ बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना हवा, हे किती वाचकांना माहीत असेल कोण जाणे. गुजरातेत दारूबंदी आहे. बाहेरून येणाऱ्याला तिथे परवाना काढावा लागतो. बिहारमध्ये एप्रिल २०१६पासून दारूबंदी आहे. बॅग पट्ट्यावरून उचलली की आपण पुन्हा जमिनीवरच्या कायद्यात असतो.

काउंटरच्या आत एकच माणूस

आता अवघड भाग. बाटली रीतसर आणली, तरी ती विमानात उघडायची का नाही?

या नियमाचा उगम पाहण्यासारखा आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या विमानांत मद्य सर्रास दिले जाऊ लागले. त्याचा त्रास ज्यांना भोगावा लागत होता, त्या वैमानिकांच्या आणि हवाई सुंदरींच्या संघटनांनी विमानातली दारूच बंद करा अशी मागणी लावून धरली. पूर्ण बंदी झाली नाही. पण १९६० साली तिथल्या हवाई वाहतूक खात्याने नियम केला. प्रवाशाने विमानात फक्त कंपनीने दिलेले मद्य प्यावे, आणि नशेत दिसणाऱ्याला कंपनीने ते देऊ नये. दोन वाक्ये, पण एकमेकांत अडकवलेली. आपली बाटली आपणच उघडायची म्हटले तर दुसरे वाक्य लुळे पडते, कारण कोणी किती घेतली हे सांगणारे कोणी उरत नाही.

बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हे पटकन उमगते. आमच्या शाखेत रोखपालाच्या खिडकीशी महिन्यातून एकदा तरी भांडण ठरलेले. खातेदार तावातावाने म्हणायचा, "पैसे माझे आहेत ना? मग मला थांबवणारे तुम्ही कोण?" पैसे त्याचेच असत, यात वाद नव्हता. पण म्हणून त्याला जाळीच्या आत येऊन गल्ल्यातून मोजून घेता येत नसत. आत एकच माणूस बसतो, तोच मोजतो, तोच लिहितो आणि संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर तोच जबाबदार. दोन हात गल्ल्यात गेले की रोकड कधीच जुळत नाही. विमानातली ती ट्रॉली ढकलणारी मुलगी म्हणजे त्या काउंटरची रोखपाल आहे.

आपल्याकडे गंमत अशी, की देशांतर्गत विमानांत मद्य दिलेच जात नाही. म्हणजे 'आम्ही देऊ तेवढेच प्या' याचा आपल्या देशातला अर्थ 'काहीच पिऊ नका' असा होतो. आणि त्याच वेळी सुरक्षा तपासणीच्या पलीकडे विमानतळावरचे दुकान आपल्याला बाटली विकते! ही परंपरा जुनी आहे. विमानतळावरचे पहिले करमुक्त दुकान आयर्लंडमधल्या शॅनन इथे १९४७ साली निघाले. ऑगस्ट २००६ मध्ये अटलांटिक ओलांडणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला आणि हातातल्या द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरचे बंधन आले. तेव्हापासून दुकानातली बाटली मोहोरबंद पारदर्शक पिशवीत मिळू लागली. पिशवी फाडली की लगेच कळावे, ही योजना. प्रवासाच्या शेवटापर्यंत ती फाडायची नाही, हे त्यात गृहीत धरलेले.

हे गृहीत कसे कोसळते, ते मी तीनेक वर्षांपूर्वी गोव्याहून दिल्लीला जाताना पाहिले. माझ्या पुढच्या दोन रांगांत पस्तिशी-चाळिशीतले पाच-सहा मित्र होते. चांगल्या घरचे, बोलण्यात अदबशीर. विमान वर स्थिरावल्यावर पिशवी फाटल्याचा बारीक आवाज झाला आणि संत्र्याच्या रसाची बाटली हातोहात फिरू लागली. वास लपत नाही. बावीस-तेवीस वर्षांची हवाई सुंदरी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, ही बाटली माझ्याकडे द्या. उतरताना परत मिळेल." पहिल्यांदा हशा झाला. दुसऱ्यांदा एकाने तिची नक्कल केली. तिसऱ्यांदा खिडकीजवळचा म्हणाला, "तिकिटाचे पैसे दिलेत, फुकट बसलो नाही."

तिने हात पुढे केला होता तो मागे घेतला नाही. पण तो थरथरत होता, आणि ते माझ्या जागेवरून दिसत होते. पलीकडच्या रांगेत एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. तिने मुलीला आईच्या मायेने खिडकीकडे सरकवले आणि स्वतः मधल्या जागी बसली. अखेर वरिष्ठ सहकारी आली, उतरल्यावर पोलीस बोलावण्याची ताकीद तिने दिली, तेव्हा बाटली हातात पडली. कोणाला मार बसला नाही, बातमी झाली नाही. विमान वेळेवर उतरले. परंतु आपण घरी हजारदा 'माझी बाटली, माझे पैसे' असे म्हणतो तेव्हा त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे असते, ते मला त्या दिवशी दिसले.

कळसूबाईच्या वर

शरीराचेही एक गणित आहे. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तसा राखलेला असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते सुमारे ५,४०० फूट. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर असतो. तिथे रक्तातला प्राणवायू थोडा कमीच. २०२४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तरुण, निरोगी माणसांना कमी दाबाच्या खोलीत मद्य देऊन झोपवून पाहिले, तेव्हा झोपेत त्यांचा प्राणवायू ८५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि हृदयाचे ठोके वाढले. ही तरुणांची कथा. आमच्या वयाच्या, खिशात रक्तदाबाची गोळी बाळगणाऱ्या मंडळींनी आपला आकडा स्वतःच अजमावावा.

दुसरे गणित नव्वद सेकंदांचे. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी, निम्मी दारे बंद ठेवूनही भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते हे सिद्ध करावे लागते. त्या गणितात प्रत्येक प्रवासी स्वतःच्या पायांवर उठून चालतो असे धरलेले आहे. मधल्या वाटेलगतच्या खुर्चीतला माणूस पट्टा चाचपत राहिला, तर खिडकीकडचे दोघे त्याच्यामागे अडकतात. ज्यांच्या हाती विमान असते त्या वैमानिकांना आपल्या देशात उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य आहे आणि त्यांची श्वासाची तपासणी होते. प्रवाशाला कोणी नळीत फुंकायला लावत नाही. त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो.

रोखपालानेही हिशेब चोख ठेवला पाहिजे, हे मात्र खरे. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात मद्यधुंद प्रवाशाने एका वृद्ध सहप्रवासी महिलेच्या अंगावर लघवी केल्याची तक्रार झाली आणि सारा देश हादरला. जानेवारी २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. त्याच महिन्यात कंपनीने आपले मद्यविषयक धोरण सुधारले, आणि त्यात पदरची दारू पिणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची सूचना कर्मचाऱ्यांना दिली. मोजणारा चुकला तर त्याला दंड करता येतो, जाब विचारता येतो. संत्र्याच्या रसाच्या बाटलीला जाब कोण विचारणार?

मला वाटते, या साऱ्याचे मूळ आपल्या पिण्याच्या रीतीत आहे. माझ्या वडिलांच्या पिढीने मुंबई राज्यातली कडक दारूबंदी पाहिली. त्या काळात दारू प्यायची ती लपून, घाईने, स्टीलच्या पेल्यातून, कोणी येण्याआधी संपवायची म्हणून. बंदी सैलावली, पण घाई तशीच राहिली. लपून पिणारा मोजत नाही. मोजायला उजेड लागतो. गोव्यात मी वेगळे पाहिले. आमच्या शाखेचे एक वयस्क खातेदार संध्याकाळी ओसरीवर, सुनानातवंडांच्या समोर, छोट्या ग्लासात फेणी घेत. एक ग्लास, मग जेवण. बाटली कपाटात उघडी दिसायची. तिला कुलूप नव्हते. विमानात संत्र्याच्या रसात रम मिसळणाऱ्याच्या आणि या गृहस्थांच्या पिण्यात फरक आहे तो एवढाच, की एकाला आपण किती घेतली हे पक्के ठाऊक असते.

काही जण भीतीपोटी घेतात, हेही मी जाणतो. पहिल्यांदा विमानात बसताना हातापायाला घाम सुटलेले मोठमोठे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांना हसू नये. पण त्यांनी बाटलीऐवजी त्या मुलीलाच सांगावे, की मला भीती वाटते. ती पाणी देईल, दोन शब्द बोलेल. तिला याचेही शिक्षण दिलेले असते.

तेव्हा भाच्याला माझे उत्तर ठरलेले आहे. बंद लेबलाची बाटली घे, पावती आणि परवाना जपून ठेव, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपड्यांच्या मधोमध घाल आणि मोठ्या बॅगेतून आण. हुर्राक मात्र आणू नकोस. तो टिकत नाही. चैत्र-वैशाखात तिथेच बसून घ्यावा. फेणीचे तसे नाही. मुरलेली फेणी अधिक चांगली, असे गोव्यातले जाणकार सांगतात. म्हणजे घरी पोचेपर्यंत आणखी दोन-चार तास थांबायला तिची काहीच हरकत नसते.