थंड हवेच्या गांवीं बिऱ्हाड कोठें करावें?

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊं लागली कीं आमच्या सीताबर्डीवरील घराघरांतून चिखलदऱ्याचा विषय निघतो. कोणी पचमढीचें नांव पुढें करतो, कोणी दोन्हींच्या खर्चाचा हिशेब मांडतो, आणि आठ-दहा दिवस खल होऊन एकदांचें गांव ठरतें. परंतु तेथें गेल्यावर राहावयाचें कोठें, हा प्रश्न मात्र घरांतील एखाद्या तरुणाच्या हातीं सोंपवून सारे मोकळे होतात. तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दरीच्या कांठावरील एखादी टुमदार इमारत पाहतो, छायाचित्रावर लुब्ध होतो आणि आगाऊ पैसे भरून टाकतो. वास्तविक चौदा माणसांच्या कुटुंबाचें चार दिवसांचें सुखदुःख गांवापेक्षां बिऱ्हाडावरच अधिक अवलंबून असतें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आरंभीं थोडें गणित करूं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंचीवर आहे आणि चिखलदरा सुमारें १११८ मीटरांवर. हवेचें उष्णमान दर हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंशांनीं उतरतें, असा भूगोलांतील सामान्य नियम आहे. या हिशेबानें आठशें मीटरांच्या चढास सव्वापांच अंशांची सूट मिळते. मे महिन्यांत नागपुरास ४५ अंश असतील, तर चिखलदऱ्यास दुपारीं एकोणचाळीस-चाळीस असणारच. हैदराबाद पलटणींतील कॅप्टन रॉबिन्सन याच्या नजरेस हें ठिकाण १८२३ सालीं आलें, असें सांगतात; तेव्हांपासून त्याच्या थंडाव्याची कीर्ति चालत आली आहे. ती खोटी नाहीं, परंतु ती पहांटेची आणि रात्रीची आहे. दुपारचा थंडावा डोंगर देत नाहीं, तो घरानें द्यावयाचा असतो.

स्वित्झर्लंडांतील आल्प्स पर्वताचीं चित्रें पाहून आपण हुरळून जातों, म्हणून तेथील एक गोष्ट सांगतों. ग्रिंडेलवाल्ड हें तेथील जगप्रसिद्ध गांव सुमारें १०३४ मीटरांवर आहे, म्हणजे आमच्या चिखलदऱ्याहूनही सखल! तें थंड असतें तें विषुववृत्तापासून दूर असल्यामुळें; नुसत्या उंचीमुळें नव्हे. त्या मुलखांत बिऱ्हाड शोधणारा मनुष्य पहिल्यानें ऊन पाहतो. लाउटरब्रुनेन हें गांव उंच कड्यांमधील खोल दरींत आहे. हिवाळ्यांत तेथें सूर्यदर्शन थोडा वेळ घडतें. त्याच दरीच्या वरच्या सपाटीवरील वेंगेन या गांवीं मात्र उन्हाची चंगळ असते. वेंगेनला मोटारींचा रस्ता नाहीं. १८९३ पासून दांत्याच्या रुळांची आगगाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांस वर नेऊन सोडते. आपलें सारें याच्या उलट. आपण उन्हास भिऊन घर सोडलेलें असतें; तेव्हां आपण सांवली शोधली पाहिजे.

यास्तव खोलीच्या खिडकींतून काय दिसतें हें विचारण्यापूर्वीं डोक्यावर काय आहे तें विचारावें. सिमेंटच्या सपाट गच्चीखालील वरच्या मजल्यावरची खोली दिवसभर तापते आणि साठविलेली उष्णता रात्रीं खालीं सोडीत बसते. बाहेर सुखद वारा वाहत असतो व आंत मुलें कुशीवरून कुशीवर वळत असतात. इंग्रजांनीं डोंगरांवर बांधलेले जुने बंगले पाहावेत. उतरतें छप्पर, जाड भिंती आणि भोंवतीं रुंद ओसरी, ही रचना त्यांनीं उगाच केली नव्हती. असें घर न मिळाल्यास निदान तळमजला घ्यावा, पश्चिमेकडे झाडें आहेत कीं नाहीं हें पाहावें, आणि लांबलचक एकच ओसरी असलेल्या लगतच्या खोल्या मागाव्या. वृद्धांस जिने चढावे लागत नाहींत आणि कुटुंब दोन मजल्यांवर विखुरत नाहीं.

दरीच्या कांठावर राहण्याचा मोह फार मोठा असतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात; मी म्हणतों, दरीही थोडी दुरूनच साजरी. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड हीं स्थळें पाहावयास जावें आणि परत यावें. भीमानें कीचकास मारून ज्या दरींत लोटलें तीच ही, अशी लोककथा आहे, आणि कीचकदरा या शब्दावरून चिखलदरा हें नांव झालें, असेंही सांगतात. ती कथा मुलांना सांगण्यास उत्तम आहे. परंतु चपळ मुलांना सांभाळीत चार दिवस त्या कांठावर काढणें आयांना सुखाचें नाहीं. पावसाळ्यांत तर कांठावरची खोली ढगांतच असते. पांघरुणें ओलसर राहतात, धुतलेला कपडा वाळत नाहीं आणि दम्याच्या माणसाचे हाल होतात.

गांवापासून दूर निवांत राहावें असें सांगणारेही पुष्कळ भेटतात. मेळघाटांत १९७४ सालीं व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. त्या अरण्यांतच हें गांव वसलें आहे. दिवेलागणीनंतर अस्वल रस्त्यावर येणें ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे. सायंकाळीं अर्धा तास फिरल्यावांचून ज्यांना अन्न पचत नाहीं, अशा आजोबांना अंधाऱ्या रस्त्याकडेचें बिऱ्हाड म्हणजे कोंडवाडाच होय. शिवाय रात्रीं कोणाची प्रकृति अधिक बिघडलीच, तर मोठ्या उपचारांसाठीं घाट उतरून अचलपूर किंवा अमरावती गांठावी लागते. म्हणून वृद्ध, गर्भिणी वा तान्हें मूल बरोबर असेल, तर बाजारापासून पायीं पांच-सात मिनिटांच्या आंतच उतरावें. घरांत सर्वांत अधू गुडघे ज्याचे, त्याच्या पावलांनीं हें अंतर मोजावें. पोरांच्या पावलांनीं नव्हे.

पाण्याचा प्रश्न आणखी नाजूक आहे. काळ्या बेसाल्ट खडकाच्या त्या पठारावर पाऊस भरपूर पडतो, पण पडलेलें पाणी चहूंबाजूंनीं खालीं वाहून जातें; मे महिन्यांत तळ्यांवर व टाक्यांवर भिस्त असते. "पाणी आहे काय?" असें विचारल्यास कोणताही मालक "आहे" असेंच म्हणणार. टाकी किती लिटरची, ती किती खोल्यांस मिळून आहे, आणि टँकर किती दिवसांआड येतो, असें विचारावें. उत्तर चांचरत आलें तर दुसरें घर पाहावें.

आतां जो विषय पुरुषमंडळींस फारसा सुचत नाहीं, त्याकडे वळतों. "स्वयंपाकाची सोय आहे" हें जाहिरातींतील वाक्य वाचून घरांतील कर्ते पुरुष संतुष्ट होतात. पैसे वांचतात, घरचें अन्न मिळतें. परंतु या सोयीचा खरा अर्थ असा कीं, सुनांची सुटी संपली. मुलगे आणि जावई सूर्योदय पाहून परततात, तों पोहे तयार असतात. ते त्या कोणत्या सूर्योदयापूर्वीं उठून करतात, हें कोणी विचारीत नाहीं. अपरिचित शेगडी, अपुरीं भांडीं, जपून वापरावयाचें पाणी आणि माणसें मात्र तींच चौदा! घरीं निदान मोलकरीण तरी हाताशीं असते. माझें स्पष्ट मत असें कीं, स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाड मुद्दाम टाळावें आणि जवळ स्वच्छ शाकाहारी खानावळ असलेलें घ्यावें. सोवळें पाळणाऱ्या सासूबाईंचा प्रश्न अर्थातच उरतो. त्यांच्यासाठीं दशम्या, भाजणी आणि राजगिऱ्याचे लाडू घरून न्यावेत. मालकाची अनुज्ञा घेऊन एक लहान विजेची शेगडी ठेवावी. दूध तेथें गवळ्यांकडून चांगलें मिळतें. शेजारचा गाविलगड गवळ्यांच्याच नांवाचा. एका माणसाच्या नियमासाठीं तिघीजणींनीं चार दिवस चुलीपाशीं काढावे, हें त्या माउलीसही रुचणार नाहीं.

पचमढीविषयीं थोडक्यांत सांगतों. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतें, तेव्हां सरकार उन्हाळ्यांत तेथें जात असे. १९५६ च्या प्रांतरचनेनंतर नागपूर एका राज्यांत व पचमढी दुसऱ्या राज्यांत गेली, तरी विदर्भाचा ओढा कायम आहे. वस्ती व छावणी विस्तीर्ण पसरलेली असल्यामुळें कोठेंही उतरलें तरी वाहन करावेंच लागतें. तेव्हां तेथें बाजाराजवळचें बिऱ्हाड बरें. मात्र महाशिवरात्र आणि नागपंचमी या दिवसांत विदर्भांतील यात्रेकरूंची एवढी दाटी असते कीं, त्या काळीं सहकुटुंब जाण्याचा बेत नसावा.

चिखलदऱ्यास सीताबर्डीहून अमरावती-परतवाड्याच्या मार्गानें सुमारें २३० किलोमीटर पडतात आणि शेवटचे तीसएक घाटाचे आहेत. पहांटे निघून दुपारच्या आंत पोंचावें, म्हणजे खोली उजेडांत पाहतां येते व न पटल्यास बदलतां येते. शनिवार-रविवारीं आसपासच्या जिल्ह्यांतील मोटारी लोटतात आणि भाडीं चढतात. म्हणून सोमवारीं वर जावें व शुक्रवारीं न्याहारी करून उतरावें.