जर्मनीतली इंटर्नशिप नाशिकमध्येच ठरते

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांची नोकरीची वर्षं गेली, त्यांच्या घरांतली मुलं आता श्टुटगार्ट, आखेन, केमनिट्झला मास्टर्स करायला जातात. नाशिकला जर्मनी तशी परकी नाही. इथल्या 'मायको' कंपनीचं अधिकृत नाव २००८ मध्ये 'बॉश लिमिटेड' झालं, पण जुन्या नाशिककराच्या तोंडी ती अजून 'मायको'च आहे आणि चौकाचं नावही मायको सर्कलच राहिलं आहे. त्यामुळे मुलगा श्टुटगार्टजवळ शिकतोय म्हटल्यावर घरच्यांना वाटतं, बॉशचं माहेरघरच ते, लागेल की तिथे. मग रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बाबा हमखास विचारतात, "काय रे, तुमच्या कॉलेजात कंपन्या कधी येणार?"

येत नाहीत. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्लेसमेंट सेल असतो, तो कंपन्यांना बोलावतो, यादी लावतो, मुलं टाय बांधून रांगेत बसतात. जर्मन विद्यापीठात करिअर सेंटर असतं, एखाद-दुसरा मेळावाही भरतो, पण कंपनी शोधणं, अर्ज करणं आणि पाठपुरावा करणं हे ज्याचं त्याने करायचं. हिवाळी सेमेस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं. मोठ्या कंपन्या इंटर्नशिपच्या जागा तीन ते सहा महिने आधी भरायला घेतात. म्हणजे ऑक्टोबरात उतरलेल्या मुलाला येत्या उन्हाळ्यात काम हवं असेल, तर घर, बँक खातं आणि नोंदणीच्या धावपळीतच अर्ज पाठवायला लागावं लागतं. 'आधी जरा स्थिरस्थावर होऊ' म्हणणाऱ्याचं एक सेमेस्टर तिथेच जातं.

पण मुलांचं खरं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तिथे इंटर्नशिप दोन प्रकारची असते. एक अभ्यासक्रमानेच सक्तीची केलेली, दुसरी स्वतःच्या हौसेने केलेली. कायदा या दोन्हींकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहतो. सक्तीच्या इंटर्नशिपला किमान वेतन लागू नाही. ऐच्छिक असेल तर तीन महिन्यांपर्यंतच्या कराराला सूट आहे, पण करार त्याहून लांबला की पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं आणि १ जानेवारी २०२६ पासून ते ताशी १३.९० युरो आहे. कंपनीने हिशेब केला की सहा महिन्यांसाठी तिला सक्तीवाला विद्यार्थी परवडतो. म्हणून कित्येक जाहिरातींत स्पष्टच लिहिलेलं असतं की इंटर्नशिप सक्तीची असल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र जोडा. गुण उत्तम, पत्र सुरेख, तरी उत्तर नकाराचं येतं, ते अनेकदा यामुळे.

आणि हे प्रमाणपत्र मागून मिळत नाही. ही सक्ती अभ्यासक्रमाच्या नियमावलीतच असावी लागते. उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांमध्ये, म्हणजे होखशुलंमध्ये, बॅचलरला एक सेमेस्टर कंपनीत काढणं बहुधा सक्तीचं असतं. आपली मुलं जातात मास्टर्सला, आणि तिथे बऱ्याच ठिकाणी अशी सक्ती नसते. त्याऐवजी शेवटचा प्रबंध कंपनीत करता येतो. कोणत्या अभ्यासक्रमात काय आहे हे मॉड्यूल हँडबुकमध्ये छापलेलं असतं आणि ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. कॉलेज रोडवरच्या सल्लागाराच्या ऑफिसात रँकिंगचा तक्ता दाखवतात, हे पुस्तक मात्र क्वचितच उघडतात. ते आपणच उघडावं, अर्जाची फी भरण्याआधी.

दुसरा हिशेब दिवसांचा. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला कॅलेंडर वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतचा तो अर्धा दिवस. सेमेस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम केलं तर अडीच दिवस मोजतात. बाराही महिने असं 'वर्किंग स्टुडंट' म्हणून राबलं तर १३० दिवस भरले. मग त्याच वर्षी पूर्णवेळ ऐच्छिक इंटर्नशिप कुठून बसवणार? सक्तीची इंटर्नशिप मात्र या दिवसांत धरत नाहीत. विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली केलेलं सहाय्यकाचं काम, ज्याला मुलं 'हिवी' म्हणतात, तेही धरत नाहीत. पहिल्या वर्षी कंपनीपेक्षा हिवीच्या मागे लागावं असं माझं मत आहे. पैसे फार नाहीत, पण जर्मन प्राध्यापकाच्या शिफारशीला तिथे वजन आहे. घरी बसून भारतातल्या कुणाचं फ्रीलान्स कोडिंग करू, हा विचार मात्र सोडावा. स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते.

अर्जात बायोडाटा, पत्र, गुणपत्रक, विद्यार्थी असल्याचा दाखला आणि आधीच्या कामाची प्रमाणपत्रं लागतात. गुणांचा घोळ आधी समजून घ्यावा. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे कसाबसा पास. पुणे विद्यापीठाची १० पैकी ८.५ सीजीपीए, पास होण्याची किमान श्रेणी ४ धरली, तर बव्हेरियन सूत्राने १.७५ होते. ती चांगली आहे, नुसतं ८.५ लिहून समोरच्याला बुचकळ्यात पाडू नये. कामाच्या प्रमाणपत्राचं तर आपल्याकडे फारच हलकं खातं. 'अमुक यांनी आमच्याकडे एक महिना प्रशिक्षण घेतलं, वर्तणूक चांगली' एवढ्या दोन ओळींवर शिक्का. जर्मनीत प्रमाणपत्रात काम काय केलं, कोणत्या यंत्रावर, कसं, हे सगळं लिहिलेलं असतं. अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर उभं राहून केलेलं काम असं तपशिलात लिहून घेतलं, तर ते मोठ्या नावाच्या कोऱ्या पत्रापेक्षा उपयोगी पडतं. हे पत्र निघण्याआधी घ्यावं, तिकडून फोनवर मागून ते येत नाही.

भाषेचं फार सांगत नाही. शिकवणं इंग्रजीत असलं तरी शॉपफ्लोअर जर्मन बोलतो. सॉफ्टवेअरवाल्यांचं इंग्रजीवर निभतं, मेकॅनिकलवाल्यांचं बी-१ पातळीच्या जर्मनशिवाय कठीण.

इतर देशांत नियम निराळे, पण गाभा तोच. अमेरिकेत सीपीटी, म्हणजे शिकतानाची इंटर्नशिप, अभ्यासक्रमाशी जोडलेलीच हवी आणि साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने केली की त्या पदवीनंतर ओपीटीखाली काम करण्याचा हक्क जातो. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं.

राहिला पैशांचा प्रश्न. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, महिन्याला ९९२. किमान दराने २० तासांचे आठवड्याला २७८ युरो होतात, म्हणजे काम मिळालं तर राहण्या-जेवणाचं भागतं. पण सक्तीच्या इंटर्नशिपला कंपनी किती देईल याची कायद्याने हमी नाही. पालकांना एवढंच सांगणं, की शैक्षणिक कर्जाचा हप्ता मुलाच्या इंटर्नशिपच्या भरवशावर बसवू नका.