वर्गणी की खरेदी?

दिवसाचे आठ-आठ तास संगणकाच्या पडद्याकडे पाहत बसणे हा आज असंख्य माणसांचा व्यवसायधर्मच होऊन बसला आहे. समजा, इंदूरमध्ये एक मुद्रितशोधक राहतात. पूर्वी छापखान्यातून कागदावर येणारी मुद्रिते आता त्यांच्याकडे संगणकावर येतात. सायंकाळ झाली की डोळे चुरचुरतात, अक्षरे अंधुक दिसू लागतात, आणि ज्या डोळ्यांवर चरितार्थ चालावयाचा त्यांचीच चिंता वाटू लागते. अशा या गृहस्थांच्या वाचनात एके दिवशी येते की, स्वतःचा प्रकाश न टाकणारा, कागदासारखा दिसणारा संगणकाचा पडदा परदेशातील एक मंडळी तयार करीत आहेत. मात्र तो अद्याप बाजारात आलेला नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांनी आज पैसे भरावयाचे; पुरेशी रक्कम जमली की उत्पादन सुरू होईल आणि काही महिन्यांनी पडदा घरपोच मिळेल. किंमत अर्ध्या लाखाच्या घरातली. पैसे भरावेत की भरू नयेत?

प्रश्न एक दिसला तरी त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. ही वस्तू आहे तरी काय? तिच्यामुळे डोळ्यांचा त्रास जाईल काय? आणि पैसे द्यावयाचे ते कोणत्या नात्याने?

प्रथम वस्तूचा विचार करू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधनातून 1997 मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी जन्मास आली. या विद्युत्-कागदाची रचना मोठी चतुर आहे. दोन पातळ थरांमध्ये केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या बसविलेल्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात पांढरे व काळे सूक्ष्म कण तरंगत असतात. दोहोंवरील विद्युत्भार परस्परविरुद्ध असल्यामुळे खालून विद्युत्दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. अशा रीतीने उमटलेले अक्षर वीज बंद केली तरी तसेच राहते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत जातो तो पडद्याचा प्रकाश नव्हे, तर खोलीतला प्रकाश पडद्यावरून परावर्तित होऊन आलेला. म्हणूनच उन्हात हा पडदा अधिकच स्पष्ट दिसतो आणि अंधारात मात्र त्याला दिव्याची जोड लागते. 2007 मध्ये निघालेल्या ‘किंडल’ या वाचनयंत्राने हा कागद घरोघरी पोहोचविला.

परंतु पुस्तकाचे पान आणि संगणकाचा पडदा यांत अंतर आहे. नेहमीचा पडदा सेकंदास साधारणपणे 60 वेळा आपले चित्र ताजे करतो. विद्युत्-कागदातील कणांना तर द्रवातून प्रवास करावयाचा असतो. करड्या छटांसह सारे चित्र बदलावयास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. पान उलटताना हा विलंब जाणवत नाही. मजकूर वर-खाली सरकविताना मात्र तो पदोपदी जाणवतो. शिवाय पुसलेल्या अक्षरांचा फिकट ठसा मागे राहतो आणि तो घालविण्यासाठी सारा पडदा एकदा काळा-पांढरा करून धुवावा लागतो. या अडचणींवर उपाय निघालेले नाहीत असे नाही. चीनमधील ‘दासुंग’ या कंपनीने 2021 मध्ये 25.3 इंचांच्या अशा पडद्यासाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले. 2025 मध्ये अमेरिकेतील ‘मोडोस’ या छोट्या उद्योगाने 13.3 इंचांच्या पडद्यासाठी तोच मार्ग धरला. त्याची चित्र बदलण्याची गती सेकंदास 75 आवर्तने इतकी सांगण्यात आली. याचा अर्थ एवढाच की, पडदा सेकंदात 75 वेळा नवी आज्ञा स्वीकारतो. कण तेवढ्या वेळा आपला प्रवास पुरा करतात असा नव्हे. तात्पर्य, वस्तू काल्पनिक नाही; पण तिच्या मर्यादा निसर्गनियमांतून आलेल्या आहेत. जाहिरातीने त्या नाहीशा होत नाहीत.

आता डोळ्यांचा प्रश्न. पडद्याच्या प्रकाशाने डोळे बिघडतात, असा समज सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचे म्हणणे निराळे आहे. मनुष्य एरवी मिनिटास पंधरा वेळा पापणी लववितो. संगणकापुढे तोच पाच-सात वेळाच लववितो. परिणामी डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. वीस मिनिटांनी एकदा वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा अकादमीचा उपाय बिनखर्ची आहे. चष्म्याचा क्रमांक चुकीचा असेल किंवा पडदा फार जवळ असेल, तर कोणताही नवा पडदा त्यावर औषध ठरणार नाही. तथापि, प्रखर उजेडाच्या पडद्याने ज्यांना खरोखर त्रास होतो, त्यांना कागदी पडदा सुखाचा वाटणे अगदी शक्य आहे. तेव्हा आधी नेत्रवैद्याकडे जावे. मग एखाद्या स्नेह्याकडून वाचनयंत्र उसने आणून त्यावर आठवडाभर वाचून पाहावे. आराम पडला तरच पुढचा विचार.

उरला पैशाचा प्रश्न, आणि खरा पेच येथेच आहे. अनेकांनी थोडे-थोडे देऊन एखादा उद्योग उभारावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून 1908 मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. परंतु पैसा देणाऱ्याने बदल्यात काचेच्या पेल्याची अपेक्षा धरली नव्हती. त्याने दिली ती वर्गणी. उलट, दुकानात पैसे देणारा खरेदी करतो आणि वस्तू न मिळाल्यास पैसे परत मागतो. भागधारक नफ्या-तोट्याचा वाटेकरी असतो. आजचा हा प्रकार या तिन्हींच्या मधोमध उभा आहे. देणाऱ्याच्या मनात खरेदी असते, व्यवहार वर्गणीचा असतो, आणि धोका भागधारकाचा असूनही नफ्यात वाटा नसतो. 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘किकस्टार्टर’ या संस्थेने तर आपण दुकान नव्हे, असे स्वतःच जाहीर केले आहे.

धोका किती, याचाही अभ्यास झाला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांनी 2015 मध्ये किकस्टार्टरवरील हजारो देणगीदारांकडे चौकशी केली, तेव्हा शंभरांतील सुमारे नऊ योजनांनी कबूल केलेली वस्तू दिली नसल्याचे आढळले. त्याआधी 2014 मध्ये त्यांनीच दाखविले होते की, तीन-चतुर्थांशांहून अधिक योजना सांगितल्या वेळेपेक्षा उशिरा वस्तू देतात. म्हणजे फसगत नेहमीची नाही. विलंब मात्र नेहमीचा आहे. त्याच 2015 साली ब्रिटनमधील ‘झानो’ या छोट्या उडत्या कॅमेऱ्यासाठी सुमारे बारा हजार लोकांनी तेवीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली, आणि कंपनी दिवाळ्यात निघाली. नमुना तयार करणे आणि हजारो नग तयार करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

म्हणून पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी पारखून घेणे अगत्याचे ठरते. चालता नमुना त्रयस्थ माणसाच्या हाती गेला आहे काय? या मंडळींनी पूर्वी एखादी वस्तू करून ती लोकांपर्यंत पोहोचविली आहे काय? पडद्याचा मूळ कागद बहुधा ई इंककडूनच यावयाचा. तो पुरेसा मिळण्याची तजवीज झाली आहे काय? आयातकर, टपालखर्च आणि पुढची दुरुस्ती यांचा भार कोणावर? मुद्रितशोधकाच्या दृष्टीने आणखी एक कसोटी आहे. वाचनयंत्रावर दर इंचास 300 ठिपके असतात. वरील दोन्ही पडद्यांवर ते साधारण दीडशेच भरतात. शब्दावर दिसतो तो अनुस्वार आहे की मागल्या पानाचा राहिलेला ठसा, अशी शंका जेथे येईल, तेथे डोळ्यांना आराम मिळाला तरी काम बिघडेल. त्यासाठी देवनागरी मजकूर बारीक टाइपात त्या पडद्यावर कसा दिसतो, हे त्याचे चित्र मागवून पाहावयास हवे.

एवढे सारे पटल्यावरही शेवटचा प्रश्न उरतोच: ही रक्कम बुडाली, तर घरखर्चाला धक्का बसेल काय? बसणार असेल तर थांबणे शहाणपणाचे. योजना यशस्वी झाली तर वस्तू पुढे बाजारात येईलच. तेव्हा चार पैसे अधिक पडले, तर ते खात्रीचे मोल समजावे. बसणार नसेल, आणि अशी वस्तू जगात निघावी असे मनापासून वाटत असेल, तर पैसे अवश्य द्यावेत. पण ते पैसाफंडाला देणाऱ्याच्या भावनेने, वर्गणी म्हणून द्यावेत. पडदा आला तर आनंदच आहे. न आला, तर आपण वर्गणी दिली होती, खरेदी केली नव्हती, हे देणाऱ्याला आधीपासूनच ठाऊक असले पाहिजे.