बिअरनिर्मिती, घरगुती
माल्ट केलेले सातू (बार्ली, जव), हॉप, यीस्ट व पाणी यांपासून घरच्या साधनांनी, स्वतःच्या उपयोगापुरती व थोड्या प्रमाणात बिअर तयार करण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. बिअर हे किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) होणारे, ऊर्ध्वपातन न केलेले पेय असून तीत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ४ ते ६ टक्के असते. प्राचीन मेसोपोटेमिया व ईजिप्त येथे ती घरोघरी, बहुधा स्त्रियांकडून, केली जाई. कारखान्यांतील उत्पादन हा त्या मानाने अलीकडचा प्रकार होय.

महाराष्ट्रातील बिअर उद्योगाचे मोठे केंद्र छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे आहे. परंतु ज्या शहराच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठमोठे कारखाने चालतात, त्याच शहरातील रहिवाशाला आपल्या स्वयंपाकघरात तिचे एक पातेलेही आंबविता येत नाही. मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा अपराध आहे. माल विकावयाचा नाही, केवळ घरी प्यावयाचा आहे, असा बचाव येथे चालत नाही. मद्यप्राशनाचा वैयक्तिक परवाना मद्यनिर्मितीस लागू पडत नाही, हेही नवशिके अनेकदा विसरतात. मद्यालयातच बिअर तयार करून विकणाऱ्या छोट्या निर्मितिगृहांना राज्यात परवाने मिळतात व असे पहिले निर्मितिगृह पुणे येथे २००९ मध्ये सुरू झाले; पण ती सवलत व्यवसायापुरती आहे. याउलट ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरील परवाना व कर रद्द झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७८ च्या संघीय कायद्याने एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन (सु. ३७८ लि.) बिअर करण्याची मुभा मिळाली, तथापि सर्व राज्यांनी ती मान्य करण्यास २०१३ साल उजाडले. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच हा छंद उघडपणे जोपासता येतो. पुढील कृती अशा, कायद्याची अनुमती असलेल्या ठिकाणांसाठी समजावी.

कृती : २० लि. बिअरसाठी सु. ४.५ किग्रॅ. माल्ट, ३० ग्रॅ. हॉप व ११ ग्रॅ. कोरडे यीस्ट पुरते. पाणी मात्र २८ लि. पर्यंत लागते, कारण सु. ४ ते ५ लि. पाणी चोथ्यात राहते आणि उकळताना ३ ते ४ लि. आटते. भरडलेले माल्ट ६५° ते ६८° से. तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. या वेळी माल्टमधील एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) स्टार्चचे शर्करेत रूपांतर करतात. तापमान ७५° से. च्या वर गेल्यास एंझाइमे लवकर निकामी होतात व शर्करा पुरेशी बनत नाही. नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते. अंदाजाने हात बुडवून पाहण्यापेक्षा तापमापक वापरणे श्रेयस्कर. पांढऱ्या बशीत अर्काच्या थेंबावर आयोडिनाचा थेंब टाकल्यास निळा रंग आला नाही, तर स्टार्च संपले असे समजतात.

गाळून मिळालेल्या गोड अर्कास वॉर्ट म्हणतात. तो तासभर उकळून त्यात हॉपची फुले घालतात. हॉप (ह्युम्युलस ल्युप्युलस) ही वेल भारतात हिमाचल प्रदेशातील लाहूल भागात होते. तिच्यामुळे बिअरला कडवटपणा येतो व टिकाऊपणाही वाढतो. नंतर वॉर्ट त्वरेने सु. २०° से. पर्यंत थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. उकळल्यानंतर वॉर्टला लागणारे प्रत्येक भांडे, नळी व चमचा निर्जंतुक असावा लागतो. यीस्टला मानवणारे गोड द्रावण इतर जंतूंनाही तितकेच मानवते. पावाचे यीस्ट जातीने तेच असले, तरी ते नीट तळाशी बसत नाही व चवही चांगली देत नाही.

भांड्याच्या झाकणातून काढलेल्या नळीचे टोक पाण्यात बुडवून ठेवले, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो व हवा आत शिरत नाही. आठवडा ते दोन आठवड्यांत किण्वन पुरे होते. आरंभीचे विशिष्ट गुरुत्व १.०४८ व अखेरचे १.०१२ असेल, तर मद्यार्क सु. ४.७ टक्के असतो. बुडबुडे थांबले यावर विसंबू नये. दोनतीन दिवस गुरुत्व स्थिर राहिले तरच बिअर बाटल्यांत भरावी. फेस येण्यासाठी दर लिटरला सु. ६ ग्रॅ. साखर पुरते. गुरुत्व उतरण्यापूर्वी बाटल्या भरल्यास किंवा साखर जास्त झाल्यास दाब वाढून काच फुटते व गंभीर इजा होते. घरगुती बिअरमधील खरा धोका हा आहे. विषारी दारूने माणसे दगावतात ती प्रामुख्याने तीत मिसळलेल्या मिथेनॉलामुळे, जसे मुंबईतील मालवणी येथे २०१५ मध्ये घडले. धान्याच्या साध्या किण्वनात तशी भीती नसते.

हवामान व पाणी : एल जातीच्या बिअरचे यीस्ट १८° ते २२° से. मध्ये उत्तम काम करते. लागर जातीच्या यीस्टला ८° ते १३° से. लागते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४०° से. च्या आसपास जातो. एवढ्या उष्णतेत किण्वन भरभर होते खरे, परंतु उग्र वासाचे मद्यार्क बनून चव बिघडते. हवा कोरडी असताना भांड्याभोवती गुंडाळलेले ओले गोणपाट माठाप्रमाणे गारवा देते. पावसाळ्यातील दमट हवेत तो उपाय फारसा चालत नाही. यंत्राची मदत न घेता या भागात एलला अनुकूल असे दिवस म्हणजे हुरड्याचे, डिसेंबर-जानेवारीचे.

दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. उकळल्याने त्यातील बायकार्बोनेटांचा काही अंश साक्याच्या रूपाने बसतो. नळाच्या पाण्यातील क्लोरिनामुळे बिअरला औषधासारखा वास येतो; तोही पाणी आधी उकळल्यास जातो. चवीपेक्षा पाण्याच्या उपलब्धतेचा प्रश्न येथे अधिक बिकट आहे. शहराला व कारखान्यांना पैठणजवळील जायकवाडी जलाशयातून पाणी मिळते आणि शहरातील नळांना ते अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने सुटत आले आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच एप्रिल महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. भांडी धुणे व वॉर्ट थंड करणे यांसाठी घरगुती निर्मितीतही बिअरच्या कित्येक पट पाणी खर्ची पडते. थंड करण्यास वापरलेले पाणी साठवून धुण्यास घेतल्यास हा खर्च बराच कमी होतो.

माल्ट करणे : या विद्येचा पहिला अर्धा भाग मराठी घरांना परका नाही व त्यास कायद्याची आडकाठीही नाही. नाचणीचे सत्त्व करताना धान्य भिजविणे, मोड आणणे व वाळविणे या ज्या क्रिया केल्या जातात त्याच माल्टच्या होत. सातू दोन दिवस पाणी बदलत भिजवून, ओल्या फडक्यात तीनचार दिवस मोड आणून, उन्हात व नंतर मंद आचेवर वाळविल्यास घरी माल्ट तयार होते. मोड धान्याच्या लांबीइतके वाढण्यापूर्वीच ते वाळत घालावे, नाहीतर स्टार्च वाया जाते. या माल्टपासून वॉर्ट काढून आयोडिनाची परीक्षा करणे हा नवशिक्यासाठी उत्तम अभ्यास आहे. वॉर्ट गोड पेय म्हणून पिता येते. मात्र उघडे राहिल्यास ते आपोआप आंबू लागते, म्हणून त्याच दिवशी संपवावे.