पित्तनळीत राहिलेला खडा

ऑपरेशननं पित्ताशय काढलं की खड्यांचा विषय मिटला, असं आपण धरून चालतो. पण एखादा खडा आधीच पित्तनळीत उतरलेला असतो. पाटात ढेकूळ अडकावं तसं होतं. पित्त तुंबतं, डोळे पिवळे होतात. मग माणूस काविळीच्या झाडपाल्याला पळतो. आमचं स्पष्ट मत आहे, अडकलेला खडा पाल्यानं निघत नाही. त्यात थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी कोल्हापूरला सीपीआर गाठावं.

पोट पुन्हा फाडतील ही भीती नको. १९७४ साली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आणि जपानमधल्या क्योटोच्या डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचं तोंड मोकळं केलं. आता तिथूनच बारीक जाळीनं किंवा फुग्यानं खडा ओढून काढतात. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि ऑपरेशनचे जुने कागद माळ्यावर ठेवू नका, सोबत न्या.