बोअर आणि बाणांचं वर्तुळ

गावात एकाची बोअर आटली की तो आणखी खोल जातो. मग शेजाऱ्याची आटते आणि तोही खोल जातो. दोष कोणाचा? ते पाहायला कागदावर तीन शब्द लिहा आणि बाणांनी वर्तुळात जोडा: बोअरची खोली, उपसा, भूजलपातळी. खोली वाढली की उपसा वाढतो, म्हणून त्या बाणावर अधिक. उपसा वाढला की पातळी घटते, तिथे उणे. पातळी घटली की खोली वाढते, दिशा उलटीच, म्हणून पुन्हा उणे. उणे चिन्हं मोजा. ती सम असली तर चक्र स्वतःलाच फुगवत नेतं, विषम असली तर आवरतं. इथे दोन, म्हणजे हे चक्र फुगवणारं.

आवरणारं चक्रही आहे. पाणी खोल गेलं की उपसा महाग होतो आणि कमी होतो. वीज फुकट दिली की नेमका हाच ब्रेक सैल पडतो!

हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी बोअरवर बंदी घातली, म्हणजे पहिलं चक्रच तोडलं. आकृती आकडे मात्र सांगत नाही. त्यासाठी हिवरे बाजारात दरवर्षी पावसाचं पाणी मोजून, ताळेबंद मांडून पिकं ठरतात.