गोंदिया आणि बालाघाट जिल्ह्यांतील लोकसंख्या व राहणीखर्च

महाराष्ट्रातील गोंदिया आणि मध्य प्रदेशातील बालाघाट हे राज्यसीमेवरील परस्परांस लागून असलेले दोन जिल्हे आहेत. नागझिरा अभयारण्याचे प्रवेशद्वार असलेले चोरखमारा हे गाव तिरोडा तालुक्यात येते. या तालुक्याच्या उत्तरेस वैनगंगा ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो. अलीकडे ज्याला तालुका म्हणतात, त्याला पलीकडे तहसील म्हणतात. भातशेती, पोवारी व गोंडी बोली आणि सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर आढळते.

इतिहास

१८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण झाला, तेव्हा त्यात भंडारा जिल्ह्याचाही काही भाग घेण्यात आला होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. भंडाऱ्याच्या विभाजनातून गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला.

लोकसंख्या

२०११ च्या जनगणनेनुसार गोंदियाची लोकसंख्या १३,२२,५०७, तर बालाघाटची १७,०१,६९८ होती. बालाघाटचे क्षेत्र बरेच मोठे व वनाच्छादित असल्याने तेथील घनता दर चौरस किलोमीटरला १८४, तर गोंदियाची २५३ आहे. साक्षरता गोंदियात सुमारे ८५ टक्के व बालाघाटात सुमारे ७७ टक्के होती. राज्यपातळीवर हेच अंतर ८२.३४ आणि ६९.३२ टक्के, म्हणजे बरेच अधिक आहे. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया बालाघाटात १,०२१ व गोंदियात ९९९ होत्या. महाराष्ट्राची सरासरी ९२९ आणि मध्य प्रदेशाची ९३१ होती. या बाबतीत दोन्ही जिल्हे आपापल्या राज्यांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळचे आहेत.

राहणीखर्च

२०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार, मोफत मिळालेल्या धान्यादी वस्तूंचे मूल्य न धरता, ग्रामीण महाराष्ट्रात दरडोई मासिक खर्च ४,०१० रुपये आणि ग्रामीण मध्य प्रदेशात ३,११३ रुपये होता. यावरून महाराष्ट्र तितकाच महाग आहे असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो, पण तो बरोबर नाही. अधिक उत्पन्न असलेले कुटुंब अधिक वस्तू घेते, त्यामुळे त्याचा खर्च वाढतो. वस्तूंचे भाव वाढलेलेच असतात असे नाही.

भावांतील फरकाचा अंदाज तेंडुलकर पद्धतीच्या दारिद्र्यरेषेवरून अधिक चांगला येतो, कारण तिच्यात राज्याराज्यांतील किमतींचा फरक विचारात घेतलेला असतो. २०११-१२ साठी ही रेषा ग्रामीण महाराष्ट्रात दरडोई मासिक ९६७ रुपये, तर ग्रामीण मध्य प्रदेशात ७७१ रुपये होती. फरक सुमारे २५ टक्क्यांचा आहे. हे आकडे जुने आहेत आणि संपूर्ण राज्याचे आहेत. पुणे किंवा कोल्हापूर भागातील खेड्यांचे भाव त्यांत मिसळलेले असल्याने गोंदियाच्या बाजाराला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मजुरी आणि हमीभाव

रोजगार हमीची मजुरी राज्यनिहाय ठरते. २०२५-२६ साठी ती महाराष्ट्रात रोज ३१२ रुपये व मध्य प्रदेशात २६१ रुपये जाहीर झाली. त्यामुळे नदीच्या दोन काठांवर तेच मातीकाम करणाऱ्यांच्या रोजीत ५१ रुपयांचा फरक पडतो. साधारण धानाचा हमीभाव मात्र केंद्र सरकार ठरवत असल्याने त्याच हंगामासाठी दोन्हीकडे क्विंटलला २,३६९ रुपये असाच होता. राज्ये देत असलेले बोनस किंवा प्रोत्साहन अनुदान यांहून वेगळे असते.